जुन्या घराची दुरुस्ती: परवानगी मागण्याआधी घर कागदावर उभे करा

प्रश्न थोडक्यात असा आहे: गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गावात सव्वाशे वर्षांचे राजांगणाचे, म्हणजे मधे उघडा चौक असलेले घर. छप्पर बदलायचे आहे, मागच्या अंगाला दोन न्हाणीघरे जोडायची आहेत आणि पावसाचे पाणी आत येते म्हणून राजांगणावर स्लॅब घालावा असे घरच्यांचे मत. पंचायत नगरनियोजन खात्याकडे पाठवते, तिथून परत पंचायतीकडे. एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या हक्कांची नोंद) अजून आजोबांच्या नावावर, त्याच सर्वे नंबरात एका मुंडकाराचे (मालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचे) घर आणि मागे ऐंशी मीटरवर नदी. सुरुवात कुठून करायची?

दोन्ही कार्यालये तुम्हाला फिरवतात याचे कारण तुमच्या अर्जातच आहे. "घराची दुरुस्ती" या एका शब्दाखाली तुम्ही तीन वेगळ्या जातीची कामे मागितली आहेत. छप्पर ही दुरुस्ती. न्हाणीघरे हे वाढीव बांधकाम. राजांगणावरचा स्लॅब म्हणजे घराचे स्वरूपच बदलणे. तिघांचे मार्ग वेगळे, कागद वेगळे. शिवाय टेबलापलीकडच्या माणसाला आधी दोन गोष्टी हव्या असतात: हे घर कायदा येण्यापूर्वीपासून इथे एवढ्याच आकाराचे होते का आणि अर्ज करणाऱ्याला तो करण्याचा अधिकार आहे का. याची उत्तरे फायलीत नसतील तर कोणीही सही करत नाही. म्हणून माझे सांगणे एकच: नकाशा काढायला देण्याआधी घर कागदावर उभे करा.

घर होते, हे कशावरून?

गोव्यात जुन्या घराला बांधकाम परवाना नसतो आणि ते साहजिक आहे. नगर व ग्राम नियोजन कायदा १९७४ चा, पंचायत राज कायदा १९९४ चा. तुमच्या पणजोबांनी घर बांधले तेव्हा यातले काहीच नव्हते. त्यामुळे "परवाना दाखवा" असे कोणी म्हणाले तर घाबरू नका. तुम्हाला दाखवायचे आहे ते घराचे पूर्वीपासूनचे अस्तित्व.

सगळ्यात जड पुरावा म्हणजे सर्वे प्लॅन. मुक्तीनंतर सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जी जमीन मोजणी झाली, त्यात त्यावेळी उभी असलेली घरे नकाशावर आली. भू-सर्वेक्षण खात्याकडून प्लॅनची प्रमाणित प्रत काढा आणि घराची आकृती आहे का ते बघा. गावचा प्लॅन १:१००० मापाचा असतो, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर एक मीटर. त्यामुळे पाऊण मीटर जाडीची भिंत किंवा बलकांवच्या (दारापुढच्या ओसरीच्या) पायऱ्या तिथे दिसणार नाहीत, पण मुख्य आकृती आणि बहुतेक वेळा राजांगणाचा मोकळा चौकोन दिसतो. आकृती तुमच्या आजच्या घरापेक्षा लहान असेल तर मागचा एखादा भाग नंतर जोडला गेला आहे. तो कधी जोडला, याचे उत्तर अर्ज देण्याआधी तयार ठेवा, कारण तपासणीला येणारा माणूस हाच प्रश्न पहिला विचारतो.

त्याच्या जोडीला पोर्तुगीजकालीन कागद शोधा: मात्रिझचा (करनोंदीचा) उतारा, देस्क्रिप्सांव आणि इन्स्क्रिप्सांवचे (मालमत्तेच्या वर्णनाच्या आणि मालकीच्या नोंदींचे) दाखले. त्यात मालमत्तेच्या वर्णनात घराचा उल्लेख असतो, कधी कधी चतुःसीमाही असते. पोर्तुगीज मजकुराचे प्रमाणित भाषांतर जोडा. घरपट्टीच्या पावत्या आणि जुनी वीज बिले आधाराला चांगली, पण एकटी घरपट्टीची पावती घर कायदेशीर ठरवत नाही. ती फक्त सांगते की पंचायतीने कर घेतला.

अर्ज करायचा अधिकार

आजोबांच्या नावावरचा उतारा ही इथली नेहमीची अडचण. गोव्यातल्या वारसा कायद्यात बहुतेक जुनी लग्ने समाईक मालमत्तेच्या पद्धतीत मोडतात, म्हणजे नवरा-बायकोचा निम्मा-निम्मा हिस्सा. त्यामुळे दोन काकांच्या सह्या पुरत नाहीत, काकूंच्याही लागतात. आत्या लग्न होऊन गेली म्हणून तिचा हिस्सा जात नाही, आणि तिच्या यजमानांची सहीही घ्यावी लागते. बहुतेक अर्ज इथेच अडकतात. एखादा चुलतभाऊ पुढे तक्रार करतो आणि पंचायत काम थांबवण्याची नोटीस काढते.

इन्व्हेंटरी (वारसा वाटणीची न्यायालयीन प्रक्रिया) करून वाटणी होईपर्यंत थांबायला हवे का? दुरुस्तीसाठी सहसा नाही. सब-रजिस्ट्रारकडे विशेष नोटरीसमोर वारस ठरवणारा दस्त करून घ्या, त्यात आलेल्या प्रत्येक नावाची ना हरकत जोडा, आणि अर्ज सगळ्यांच्या वतीने एकाने करा. ना हरकतीत "दुरुस्तीला हरकत नाही" एवढेच मोघम लिहू नका. कोणते काम, कोणत्या नकाशाप्रमाणे, हे लिहा आणि त्याच नकाशाच्या प्रतीवर प्रत्येकाची सही घ्या. वाटणीवर या संमतीचा परिणाम होणार नाही, हे एक वाक्यही त्यात घाला. भाऊबंद सही करायला कचरतात ते बहुधा हक्क जाईल या भीतीने, आणि त्या वाक्याने ती भीती कमी होते.

परदेशातल्यांकडून मुखत्यारपत्र लागेल. लिस्बन किंवा लंडनमधून आले तर त्यावर अपोस्टिल (त्या देशाच्या सरकारचा खरेपणाचा शिक्का) हवे. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत इथले मुद्रांक शुल्क भरून घ्या, नाहीतर ऐनवेळी तो कागद कुचकामी ठरतो. बाकीच्यांच्या सह्यांसाठी चवथीसारखा (गणेशचतुर्थीसारखा) मुहूर्त नाही. सगळे घरात जमलेले असतात, नकाशा माटोळीखाली पसरून एकदाच समजावून सांगता येतो.

मुंडकाराचे नाव उताऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात असेल. त्याचे घर नकाशावर स्पष्ट दाखवा, त्याची वाट आणि विहिरीकडे जाण्याचा रस्ता मोकळा ठेवा. १९७५ च्या मुंडकार कायद्यात त्याच्या घराभोवतीची काही जागाही त्या घराचाच भाग धरली जाते, म्हणून तुमची सेप्टिक टाकी किंवा शोषखड्डा त्या बाजूला नेऊ नका. नकाशात त्याचे घर दाखवलेच नाही तर माहिती लपवली असा अर्थ निघतो आणि पूर्ण फाईलवर संशय येतो.

नदी: हा प्रश्न सगळ्यात आधी सोडवा

किनारी नियमन (सीआरझेड), म्हणजे पाण्याकाठच्या बांधकामावरचे निर्बंध, फक्त समुद्रालाच लागू असते असा समज आहे. भरती-ओहोटीच्या नद्यांनाही ते लागू आहे. २०११ च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण भागात नदीकाठची मर्यादा भरती रेषेपासून १०० मीटर किंवा त्या ठिकाणची नदीची रुंदी, यातले जे कमी असेल ते. तुमच्या मागे नदी साठ मीटर रुंद असेल आणि घर ऐंशी मीटरवर असेल, तर तुम्ही बाहेर आहात. नव्वद मीटर रुंद असेल तर आत. शिवाय कोरड्या दिवसांत पाण्याची क्षारता हजारी पाचपर्यंत जिथवर पोचते तिथवरच हे नियमन चालते, म्हणून वरच्या अंगाच्या गावांना ते लागू नसू शकते. अंदाजावर जाऊ नका. सर्वे प्लॅन किनारी आराखड्यावर बसवून तुमच्या घराची जागा कुठे पडते ते आधी पक्के करा.

घर मर्यादेच्या आत पडले तरी दुरुस्ती बंद होत नाही. जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती, अगदी पुनर्बांधणीसुद्धा चालते, पण अस्तित्वात असलेले जोते, चटई क्षेत्र आणि घनता वाढता कामा नये. त्यासाठी किनारी विभाग व्यवस्थापन प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. इथे १९ फेब्रुवारी १९९१ ही तारीख महत्त्वाची, कारण पहिली किनारी अधिसूचना त्या दिवशीची. सर्वे प्लॅनवर घर असेल तर ते त्याच्या कितीतरी आधीचे आहे हे आपोआप सिद्ध होते.

आणि इथेच तुमच्या न्हाणीघरांचा निकाल लागतो. मागे नवे जोते घातले की ते वाढीव बांधकाम झाले आणि मर्यादेच्या आत असाल तर ते अडणारच. जुन्या घरांत मागच्या वसरीला (ओसरीला) लागून कोठीची किंवा भाताची एखादी अंधारी खोली असते. न्हाणीघरे तिथे आत बसवा. जोते तेच, भिंती त्याच, छप्पर तेच. मर्यादेच्या बाहेर असाल तरीही मी हाच सल्ला देईन, कारण मग नगरनियोजनाच्या तांत्रिक मंजुरीत सेटबॅक (हद्दीपासून सोडायचे अंतर) आणि व्याप्तीचे (जमिनीचा किती भाग बांधकामाखाली, याचे) हिशेब नव्याने मांडावे लागत नाहीत. मात्र आत न्हाणीघर करताना जांभ्याच्या भिंतीत पाइप खोदून पुरू नका. भिंतीपासून सुटी, अर्ध्या विटेची वेगळी भिंत उभी करून पाइप तिच्यात घ्या. जांभा पाणी पितो, आणि गळती दिसायच्या आत भिंतीचा पाया मऊ होतो.

सेप्टिक टाकी आणि शोषखड्ड्यासाठी आरोग्याधिकाऱ्याचा दाखला लागेल. भारतीय मानकाप्रमाणे शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून १८ मीटर लांब हवा. तुमची विहीर, मुंडकाराची विहीर आणि शेजाऱ्याची विहीर अशा तिन्ही नकाशावर मोजून दाखवा. शेजाऱ्याची विहीर लोक विसरतात.

पंचायत की नगरनियोजन?

आता मार्ग. छप्पर आहे तसे, त्याच उंचीला, त्याच उताराने परत घालायचे असेल तर पंचायतीकडे दुरुस्तीच्या परवान्याचा अर्ज. भिंती हलत असतील, क्षेत्र वाढत असेल किंवा उंची बदलत असेल, तर आधी तालुक्याच्या नगरनियोजन कार्यालयाची तांत्रिक मंजुरी आणि तिच्या आधारावर पंचायत राज कायद्याच्या कलम ६६ खाली पंचायतीचा परवाना. शहरी विकास आराखड्याच्या क्षेत्रात नगरनियोजनाऐवजी त्या भागाचे नियोजन व विकास प्राधिकरण, आणि शहर असेल तर पंचायतीऐवजी पालिका किंवा महापालिका. पणजीत फोंतायन्हास आणि मळ्यासारख्या संवर्धन क्षेत्रांत २०१० च्या बांधकाम नियमावलीप्रमाणे प्रस्ताव संवर्धन समितीकडेही जातो. तिथे दर्शनी भाग, खिडक्यांचे प्रमाण, रंग आणि छपराची रेषा यांच्याबद्दल विचारले जाते. तुमच्या गावाला हे लागू नसेल, पण एकदा विचारून घ्या.

छप्पर आणि न्हाणीघरे एका अर्जात घालू नका. छपराचा अर्ज वेगळा, आधी. न्हाणीघरांवर प्रश्न निघाला तर छप्पर त्यात अडकून एक पावसाळा हातचा जातो, आणि गळक्या छपराखाली एक पावसाळा म्हणजे वाशांचे किती नुकसान, हे तुम्हाला सांगायला नको.

पंचायतीचा अर्ज पंधरवड्याच्या बैठकीत येतो. आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत हातात घेतल्याशिवाय निघू नका, कारण मुदत तिथून मोजली जाते. तीस दिवसांत पंचायतीने काहीच कळवले नाही तर पुढच्या तीस दिवसांत पंचायत उपसंचालकांकडे अपील करता येते. त्यांनीही तीस दिवसांत निकाल दिला नाही तर परवानगी मिळाली असे कायदा मानतो. ही तरतूद खरी आहे, पण तिच्या जोरावर नियमाबाहेरचे काम करता येत नाही. तोंडी "करा, काही होत नाही" यावर तर अजिबात विसंबू नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२५ मध्ये बेकायदा बांधकामांबद्दल कडक आदेश दिल्यापासून पंचायत सचिवालाही कागद हवा असतो, आणि तो असणे तुमच्याच फायद्याचे आहे.

तीनशे मीटरच्या आत केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक असेल तर आणखी एक पायरी. पहिल्या १०० मीटरमध्ये नवे बांधकाम बंद, पण १६ जून १९९२ पूर्वीच्या घराची दुरुस्ती सक्षम प्राधिकाऱ्याच्या परवानगीने करता येते. त्यापुढच्या २०० मीटरमध्येही परवानगी लागतेच. जुने गोवे किंवा तांबडी सुर्लाच्या मंदिराजवळ राहणाऱ्यांनी हे आधी बघावे. छपरावर झुकलेला माड किंवा आंबा काढायचा असेल तर वृक्ष संरक्षण कायद्याखाली वन खात्याची परवानगी वेगळी.

राजांगणावर स्लॅब घालू नका

घरच्यांची अडचण मला समजते. आषाढात वसरी ओली, कपडे वाळत नाहीत, म्हातारी माणसे घसरतात. पण स्लॅब घातला की मोकळी जागा बांधकामात मोजली जाते, दुरुस्तीचा अर्ज फेरबदलाचा होतो, आणि किनारी मर्यादेत असाल तर चटई क्षेत्र वाढले म्हणून तो फेटाळलाच जाईल. त्याहून मोठी गोष्ट वजनाची. मंगळुरी कौले चौरस मीटरला साधारण पंधरा बसतात. लाकडासकट धरले तरी भार साठ-सत्तर किलोच्या आसपास. पाच इंची काँक्रीट स्लॅबचा भार तेवढ्याच जागेला तीनशे किलो. राजांगणाभोवतीचे लाकडी खांब आणि मातीत बांधलेल्या चिऱ्याच्या (जांभ्याच्या) भिंती त्यासाठी बांधलेल्याच नाहीत.

पाणी आत का येते ते बघा. समजा चारही बाजूंचे मिळून चाळीस चौरस मीटर छप्पर राजांगणात उतरते. तासाला १०० मिलिमीटरची सर आली तर तासाभरात चार हजार लिटर पाणी त्या चौकोनात पडते. ते जायला जुन्यांनी चिऱ्याची मोरी ठेवलेली असते. ती बहुतेक घरांत मुळांनी, मातीने किंवा नंतर घातलेल्या फरशीने बुजलेली सापडते. मोरी उघडून साफ करा, राजांगणाच्या फरशीला तिच्या दिशेने उतार द्या, पागोळीला सहा इंची पन्हळ लावा आणि पागोळी खांबांच्या बाहेर किमान दीड फूट येईल अशी ठेवा. हे सगळे दुरुस्तीच्या परवान्यात बसते आणि बहुतेक घरांत तेवढ्याने वसरी कोरडी राहते.

छप्पर उघडताना परवाना कसा हातचा जातो

ही गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहितो. जुनी चिऱ्याची भिंत बहुधा दोन पदरी असते. बाहेरून चिरे, आतून चिरे, मधे माती आणि खडे. वरचे छप्पर तिला दाबून आणि धरून ठेवते. सगळे छप्पर एकदम उतरवले, भिंतीचे माथे उघडे राहिले आणि मे महिन्यातली एक वळवाची सर आली, तर पाणी मधल्या मातीत शिरते, माती फुगते आणि बाहेरचा पदर सुटून पडतो. भिंत पडली की तुमचे काम दुरुस्ती राहत नाही. तपासणीला आलेला अधिकारी त्याला पुनर्बांधणी म्हणतो, आणि पुनर्बांधणीला आजचे नियम लागतात: रस्त्यापासूनचे अंतर, बाजूचे सेटबॅक, व्याप्ती, प्रादेशिक आराखड्यातले रस्ता रुंदीकरण. रस्त्याला लागून असलेले बलकांव आणि सोपे (बसायचे कट्टे) त्यात कायमचे जातात. जमिनीचा तुकडा अरुंद असेल तर घराचा आकारच निम्मा होतो.

म्हणून छप्पर एका वेळी एकाच खणाचे उतरवा. उघड्या भिंतीच्या माथ्यावर त्याच दिवशी चुन्याचा थर द्या आणि ताडपत्री बांधा. सिमेंटचा गिलावा नको. तो भिंतीतला ओलावा आत कोंडतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत चिऱ्याचा पापुद्रा घेऊन सुटतो. एक भाग चुना, तीन भाग वाळू हे प्रमाण पुरते. भिंतीवर काँक्रीटचा पट्टा घालायचा असेल तर छपराची उंची तेवढी वाढते, हे लक्षात ठेवा. पंधरा सेंटिमीटरचा पट्टा घातला आणि नकाशात उंची जुनीच दाखवली, तर शेजाऱ्याच्या एका तक्रारीवर काम बंद पडू शकते. पट्टा हवा असेल तर नकाशात दाखवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला जोडा.

कामाला हात लावण्याआधी मोजमापे करून ठेवा. जोत्यापासून आड्याची उंची तीन ठिकाणी, पागोळीची उंची चारही बाजूंना, प्रत्येक भिंतीची जाडी, प्रत्येक दार-खिडकीचे माप. प्रत्येक बाजूचा फोटो मोजपट्टी उभी धरून काढा. शिंपल्यांच्या खिडक्या असतील तर त्यांचे वेगळे फोटो. यांचा एक संच अर्जाला जोडा, आवक शिक्क्यासह. "आधी कसे होते" याची सरकारी दप्तरात नोंद राहते आणि पुढे वाद झाला तर तुमची बाजू तिथेच सिद्ध होते.

वेळापत्रक त्याप्रमाणे बसवा. सह्या चवथीला, सप्टेंबरअखेर अर्ज, दिवाळीच्या सुमारास तपासणी, आणि छपराला हात डिसेंबर ते एप्रिल. परवाना एप्रिलच्या शेवटी हातात आला तर त्या वर्षी छप्पर उघडू नका. ताडपत्री टाका, फुटकी कौले बदला, मोरी साफ करा आणि दिवाळीपर्यंत थांबा. परवान्यावर मुदत लिहिलेली असते. ती संपण्याआधी वाढ मागा, संपल्यावर नव्हे. खर्च मोठा असेल तर कामगार कल्याणाचा उपकर लागतो का, तेही विचारून घ्या.

कौले उतरवताना प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून बघा. खणखणीत आवाज आला तर चांगले, बद्द आला तर तडा आहे. चांगली कौले कारखान्याच्या छापाप्रमाणे वेगळी रचा, कारण दोन कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत आणि मिसळली की तिथूनच गळते. जुनी सगळी चांगली कौले रस्त्याकडच्या उतारावर घाला, नवी मागच्या उतारावर, आणि मागवताना दहा टक्के जास्त मागवा. दर्शनी बाजू फोटोतल्यासारखीच राहते, आणि तपासणीला येणारा माणूस पहिल्यांदा उभा राहतो तो त्याच बाजूला.